‘सतत गैरहजर’ : लेकरू सांभाळण्याच्या सरकारी मराठीची चिकित्सा

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर मी पहिल्यांदा पाहिले ते निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी जन्मतारखेचा दाखला हवा होता तेव्हा. गाव दर्यापूर आणि मूर्तिजापूर यांच्या मधल्या खारपाणपट्ट्यातले. निम्मी सोयरीक अमरावती जिल्ह्यात, निम्मी अकोल्यात. पाने उलटताना माझ्या आधी मोठ्या बहिणीचे नाव सापडले. सन १९६५, इयत्ता तिसरी. शेवटच्या रकान्यात मास्तरांनी वळणदार अक्षरात शेरा लिहिला होता : ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.’

शेरा खोटा नव्हता. ती शाळेत नव्हतीच. ती आमच्या ओसरीवर होती आणि तिच्या कडेवर मी होतो. माय निंदणाला, पुढे वेचणीला जात असे आणि मी सात-आठ महिन्यांचा होतो. बाईला (आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात) आठवे वर्ष लागले होते. मी पुढे शिकलो, एम. ए. झालो, अमरावतीच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवले. माझ्या शिक्षणाला सरकारने फीमाफी दिली, शिष्यवृत्ती दिली. त्याआधीचे पहिले अनुदान मात्र आठ वर्षांच्या मुलीने दिले होते आणि सरकारी कागदावर त्याची नोंद ‘गैरहजर’ अशी झाली.

तो शेरा वाचल्यापासून मी लेकरे सांभाळण्याविषयीचा सरकारी मजकूर जमवत आलो : कायद्यांची कलमे, योजनांच्या मार्गदर्शक सूचना, शासन निर्णय. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. मला शब्द आणि वाक्ये वाचता येतात, म्हणून तेवढेच वाचले. शासन निर्णय हे आजचे सर्वांत परिणामकारक मराठी गद्य आहे. त्यातल्या एका शब्दाने कुणाच्या घरी धान्य येते, कुणाचे थांबते. कथा-कादंबरीची आपण जशी चिकित्सा करतो तशी या गद्याची का करू नये? मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा म्हाइंभटांचा ‘लीळाचरित्र’ आमच्याच जिल्ह्यात, रिद्धपुरात, तेराव्या शतकात आकाराला आला. कोणी, कुठे, कोणत्या वेळी, काय केले हे त्या गद्यात नेमके सांगितलेले असते. सरकारी मजकुरालाही मी तेच प्रश्न विचारले. लेकरू कुणाचे? किती वेळ? कुणाच्या हातात? आणि त्या हाताला दाम कोण देणार?

उत्तर असे निघाले. गरीब घरातल्या लेकराच्या पोटासाठी सरकार खर्च करते. घरावर संकट आले तर रक्कम देते. मायच्या खात्यातही पैसे टाकते. पण माय वावरात असताना लेकरू कुणाजवळ राहील, या दिवसातल्या दहा-अकरा तासांच्या प्रश्नाला हा सारा मजकूर वळसा घालून जातो. तो वळसा नावांत, आकड्यांत, तासांत आणि क्रियापदांत कसा घातला आहे, ते दाखवण्याचा हा प्रयत्न.

नावे

योजनांची नावे वाचून कुणालाही वाटेल की राज्यकारभार कवींच्या हाती आहे. ‘पोषण’, ‘वात्सल्य’, ‘शक्ती’, ‘सामर्थ्य’, ‘पाळणा’. २००६ साली सुरू झालेल्या राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेचे २०१७ साली ‘राष्ट्रीय पाळणाघर योजना’ झाले आणि २०२२ पासून ती ‘मिशन शक्ती’मधल्या ‘सामर्थ्य’ या भागात ‘पाळणा’ म्हणून आली. नावातले ‘घर’ गळाले, पाळणा तेवढा राहिला. मला हा बदल खटकतो, कारण गरिबाघरी पाळण्याची वाण कधीच नव्हती. जुने लुगडे आणि धुऱ्यावरची बाभूळ एवढ्यात पाळणा होतो. वाण आहे ती दिवसभर उघड्या राहणाऱ्या जागेची आणि दोरी ओढणाऱ्या हाताची.

दुसरा शब्द ‘बालसंगोपन’. महाराष्ट्र शासनाच्या भाषेत तो दोन ठिकाणी ठळकपणे येतो. एक, बालसंगोपन रजा. २०१८ पासून राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात १८० दिवसांची ही रजा मिळते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अशी रजा २००८ पासून ७३० दिवसांची आहे. दोन, बालसंगोपन योजना. २०२३ पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. त्याआधी १,१०० मिळत आणि त्याही आधी ४२५. ही योजना अनाथ, आई किंवा बाप गमावलेल्या, संकटात सापडलेल्या घरांतल्या मुलांसाठी आहे. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या घरांना या रकमेचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको. योजनेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

मला दाखवायचा आहे तो एका शब्दाचा दुहेरी वापर. नोकरदार बाईच्या बाबतीत संगोपन म्हणजे वेळ, आणि तो वेळ सरकार विकत घेऊन तिला देते. गरीब घराच्या बाबतीत संगोपन म्हणजे घर मोडल्यावर येणारी रक्कम. जिचे घर अजून उभे आहे, नवरा हयात आहे, दोघेही रोजाने जातात आणि लेकरू दीड वर्षाचे आहे, तिला या शब्दाचा एकही अर्थ लागू होत नाही.

जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे महिना १,५०० रुपये अशा बाईच्या खात्यात येऊ लागले. ते तिच्या हाती पडतात, हे चांगलेच. पण बाजारात जी वस्तू नाही ती रोकड देऊन घेता येत नाही. अमरावतीच्या कॅम्पात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत पैसे मोजून लेकरू ठेवायची सोय मिळेल. खारपाणपट्ट्यातल्या गावात ती कुणी उघडणार नाही, कारण रोजाने जाणारी बाई तिचा खर्च पेलू शकत नाही.

आकडे

कायद्यांत पाळणाघर आहे. जुने आहे आणि स्पष्ट शब्दांत आहे. पण प्रत्येक वेळी दारात एक आकडा उभा आहे.

१९३४ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचे नियम प्रांतिक सरकारांना करता येत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४८ व्या कलमाने ती सोय सक्तीची केली. आकडा पन्नासच राहिला. १९७६ च्या दुरुस्तीने तो तीसवर आला. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून अधिक बायकांची अट होती. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली जी दुरुस्ती झाली तिने पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर लावले आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही पन्नास कर्मचाऱ्यांचाच आकडा धरला. या शेवटच्या दोन ठिकाणी बायका न मोजता सगळे कर्मचारी मोजले, ही सुधारणा आहे. पाळणाघर टाळायला मालकाने बायकाच कमी ठेवाव्यात, ही पळवाट त्यामुळे बुजते.

आता हे आकडे घेऊन वऱ्हाडात या. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६०च्या दशकात, वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात गेला आणि पुढे अमरावती, बडनेरा, अकोला, खामगाव येथे जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. त्या जिनांत बायका होत्या आणि आहेत. पण जिन हंगामी, बायका पुष्कळदा कंत्राटदारामार्फत येणाऱ्या, म्हणून गणती कुणाच्या वहीत करायची हा वाद कायमचा. आणि जिनात येण्याआधी तोच कापूस ज्या हातांनी वेचला ते हात तर कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. वेचणीला आठ-दहा बायकांची टोळी निघते. आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. मालक पाच एकरांचा, कधी स्वतःच कर्जात. त्याला पाळणाघर काढा म्हणणे हा विनोद होईल. पन्नास बायका तालुक्यात शंभर वेळा भरतील, एका धन्याकडे एकदाही भरत नाहीत. गणतीचे एकक ‘मालक’ ठेवले की वऱ्हाडातली बहुसंख्य कष्टकरी बाई शून्य होते.

आकड्याचा चांगला वापर एका ठिकाणी आढळला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटले आहे की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्यातल्या एका बाईला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला मजुरीचा दर द्यावा. इथे मालक मोजला नाही, मुले मोजली. आणि सांभाळणे हे काम मानून त्याला खडी फोडण्याइतकाच रोज लावला. महाराष्ट्राला यात नवल वाटू नये, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आपल्या रोजगार हमीत (कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून) कामावरच्या मुलांची सोय पूर्वीपासून होती. मी वाचलेल्या साऱ्या मजकुरात मला हे वाक्य सर्वांत प्रामाणिक वाटते. त्याची मर्यादा एकच : ते हमीच्या कामापुरते आहे. वेचणी, निंदण, सोयाबीन सोंगणी ही खासगी वावरातली कामे, आणि आमच्याकडच्या बायकांचे वर्ष त्यांनीच भरते.

तास

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रातली पहिली दोन ठिकाणे म्हणजे मुंबईतली धारावी आणि अमरावती जिल्ह्यातले मेळघाटातले धारणी. म्हणजे अंगणवाडीचा महाराष्ट्रातला इतिहास आमच्या जिल्ह्यातून सुरू होतो. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण, पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा. पन्नास वर्षांत या योजनेने किती लेकरे जगवली याचे ऋण मी मान्य करूनच पुढचे लिहितो.

या सहा सेवांत ‘सांभाळणे’ ही सातवी सेवा नाही. तीन ते सहा वर्षांची मुले काही तास अंगणवाडीत बसतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरासाठी घरी न्यायचा शिधा, टीएचआरचे पाकीट, मिळते. पण पाकीट स्वतः शिजत नाही आणि लेकराच्या तोंडात जात नाही. दीड वर्षाच्या लेकराचे पोट मुठीएवढे. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. माय सकाळी भरवून गेली आणि सांजेला आली तर मधल्या वेळचे भरवणे कुणी करायचे? मेळघाटातल्या कोरकू घरांतून कामासाठी बाहेर पडणाऱ्या बायकांचे लेकरू एक तर सोबत जाते, नाही तर सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे राहते. कुपोषणाच्या चर्चेत आपण उष्मांक आणि प्रथिने मोजत आलो. भरवणारा हात मोजला नाही.

तास मोजणारा मजकूर पाळणाघर योजनेचा. राष्ट्रीय पाळणाघर योजनेच्या सूचनांत एका केंद्रात २५ मुले, महिन्यात २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, असे नेमके लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना २० रुपये, दोघांचे मिळून १२,००० पर्यंत उत्पन्न असेल तर १००, त्यापुढे २०० रुपये शुल्क. ही खरी अनुदानाची भाषा आहे : सेवा कोणती, किती वेळ, घराने किती द्यायचे, बाकी कोण भरणार. पण लाभ कुणाला? महिन्यात किमान १५ दिवस किंवा वर्षात सहा महिने काम असणाऱ्या बाईच्या मुलाला. रोजाने जाणाऱ्या बाईचे काम पावसावर आणि बोंडे फुटण्यावर असते. सहा महिने भरल्याचा कागद तिला कोण देणार? पुढे ‘पाळणा’ने नोकरीची अट काढली आणि कोणत्याही आईला दार उघडले, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची वाट काढली. मजकूर सुधारतो, याचा हा पुरावा.

या सूचना मी बाईला वाचून दाखवल्या. ती अकोट तालुक्यात दिली आहे. आता अडुसष्ट वर्षांची. ऐकताना मध्येच म्हणाली, “साडेसात घंटे? वावर कुठी हाय, थे इचारलं का त्याईनं?”

तिने बोटांवर हिशेब मांडला. सात वाजता ऑटो सुटतो. त्याआधी स्वयंपाक, पाणी, लेकराचे आटोपणे. वावर पाच-सहा किलोमीटरवर. दुपारी धुऱ्यावर डबा. वेचलेला कापूस मोजून, गाठोडे टाकून परत यायला सहा वाजतात. अकरा तास. साडेसात तासांचे पाळणाघर म्हणजे साडेतीन तास लेकरू पुन्हा कुणाच्या तरी ओसरीवर. आणि वेचणीची मजुरी किलोवर. जी तीन वाजता लेकरासाठी परतते तिचा कापूस कमी भरतो. माय म्हणायची तेच बाई म्हणाली, “लेकरू संग नेलं त अर्धा जीव झाडाखाली रायते.”

कार्यालयाच्या घड्याळातला तास आणि वावरातला तास एक नाहीत, एवढी साधी गोष्ट त्या वाक्यात आलेली नाही.

क्रियापदे

व्याकरण शिकवणाऱ्याची खोड म्हणून मी क्रियापदे खुणावत गेलो. ८६ व्या घटनादुरुस्तीने २००२ साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. सहा वर्षांखालच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण मात्र ४५ व्या अनुच्छेदात गेले, आणि तिथले क्रियापद आहे ‘प्रयत्न करील’. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमात तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’. मूल सहा वर्षांचे झाले की ‘देईल’, त्याआधी ‘करू शकेल’ आणि ‘प्रयत्न करील’. तीन वर्षांखालच्या लेकराला तर या कलमात क्रियापदच नाही. लेकरू जितके लहान तितके क्रियापद दुबळे, असा हा उलटा चढ आहे.

त्यातही कर्मणी प्रयोग. ‘सुविधा उपलब्ध करून देण्यात येईल’, ‘कार्यवाही करण्यात यावी’. कर्ता गायब. कर्ता नसला की जबाबदारी नसते आणि मजुरीही नसते. कारण शेवटी लेकरू कुणी तरी सांभाळतेच. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस सांभाळतात. त्यांना मिळते त्याला ‘वेतन’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. हा शब्द कीर्तनकाराला, पाहुण्या व्याख्यात्याला शोभतो; तो एका दिवसाच्या पाहुण्यासाठी आहे. तीस वर्षे रोज चूल पेटवणाऱ्या बाईला तो लावला की तिचे काम सेवाभाव ठरते आणि तिचा पगार मान ठरतो. २०१७ च्या पाळणाघर सूचनांत सांभाळणाऱ्या बाईला महिना ३,००० आणि मदतनीस बाईला १,५०० रुपये होते. २५ लेकरे, २६ दिवस, साडेसात तास. भागाकार वाचकांनी करावा. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. न्यायालयाने तिथे ‘मानधन’ या शब्दाआडचे काम ओळखले, असे मी त्याचे वाचन करतो.

आपली वात्सल्यगाथा

सरकारला दोष देणे सोपे आहे. हा लेख साहित्याच्या वाचकांसाठी आहे म्हणून आपल्या घरातलेही बोलले पाहिजे.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. वऱ्हाडी बोलीतले हे घर, ही कौतिक, आमच्या पिढीने वर्गात शिकवली. तिची जिद्द, तिची होरपळ, नवऱ्याचा नाकर्तेपणा यांवर मीही तास घेतले आहेत, प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. एकदाही मी विद्यार्थ्यांना विचारले नाही की कौतिक कामाला जाते तेव्हा मुले कुणापाशी असतात. कादंबरीकाराने नेमक्या बारकाव्यांनी उभे केलेले घर आम्ही समीक्षकांनी ‘मातृत्वाचे दर्शन’ या दोन शब्दांत गुंडाळले. मराठी कवितेत माय कष्ट करते, झोळीत लेकरू झोपलेले असते आणि कवी गहिवरतो. त्या चित्रात झोळीजवळ बसलेली मोठी बहीण कडेला पुसट असते. कविता बहुधा धाकट्याने लिहिलेली असते, हे त्याचे कारण असावे. हा लेखही धाकट्यानेच लिहिला आहे.

सरकारी मजकूर ‘वात्सल्य’ म्हणतो तेव्हा तो हा शब्द आमच्याकडूनच घेतो. आईपण स्वयंभू, अपार, फुकट आहे असे आम्ही शंभर वर्षे लिहिले. जे अपार आहे त्याला अनुदान कोण देईल?

कोसबाडचा मजकूर

याहून वेगळे लिहिणारी आणि करणारी एक बाई मराठीत होऊन गेली, आणि तिच्या आयुष्याची काही वर्षे अमरावतीत गेली. ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीला आल्या होत्या. पुढे त्या वेगळ्या झाल्या, राजकोटला आणि मग भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून ‘अंगणवाडी’ आली. आज सरकारी पाटीवर असलेला हा शब्द मुळात एका कृतीचे वर्णन होता.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे ताराबाईंनी पाहिले की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर भावंडे असतात. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला ‘विकासवाडी’ म्हटले. मुलीने भावंडाला घेऊन यावे, लहानग्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आमच्या शाळेच्या रजिस्टरात ‘सतत गैरहजर’ हा शेरा पडला तेव्हा कोसबाडला हे चालू होते. उपाय मराठीत होता. तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला होता आणि धोरणात आला तेव्हा त्यातले पाळणाघर मागे राहिले.

असे प्रयत्न इतरत्रही झाले. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवर ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केले. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी गावागावांत ‘फुलवारी’ चालवल्या. कर्नाटक सरकारने २०२३ साली ४,००० ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ काढायचे जाहीर केले. सांभाळणाऱ्या बायकांची मजुरी रोजगार हमीतून. त्या कन्नड नावाचा अर्थ ‘लेकराचे घर’. तिथे ‘घर’ शब्द गळाला नाही.

हे सर्व वाचून एक मसुदा सुचतो. गणतीचे एकक मालक न ठेवता गाव ठेवावे : सहा महिने ते तीन वर्षांची अमुक लेकरे असतील त्या गावात एक लेकरांचे घर. वेळ गावाच्या कामाची, वेचणीच्या दिवसांत सात ते सहा. सांभाळणाऱ्या गावातल्याच दोन-तीन बाया, पाळीने, मानधनावर नव्हे तर शेतमजुरीच्या दराने. खर्च सरकारचा, आणि क्रियापद ‘करील’.

यावर दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, पैसा कुठून आणायचा. त्याला माझे उत्तर असे की खर्च आजही होतोच आहे. मुलींच्या बुडालेल्या शाळेतून, म्हाताऱ्या बायांच्या गुडघ्यांतून आणि मायच्या कमी भरलेल्या कापसातून. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावात आजी असते, चुलती असते. घरच्या मायेचे लेकरू सरकारी खोलीत का टाकायचे? खरे आहे, आजीसारखे कुणी सांभाळत नाही. पण आजीला ‘नाही’ म्हणायची सोय असली तरच तिच्या सांभाळण्याला माया म्हणता येईल. तशी सोय नसेल तर ती बिनपगारी बारी आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कोजागिरीनंतर बाईकडे गेलो होतो. धाकटी सून वेचणीला गेली होती. बाई दारात बसली होती आणि दीड वर्षाची नात तिच्या मांडीवर. म्हणजे तीच ओसरी, तेच काम, साठ वर्षांनी पुन्हा. तिच्या दोन्ही गुडघ्यांची पार माती झाली आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच शस्त्रक्रियेचे सांगितले होते. तारीख का घेतली नाही म्हणून मी जरा रागावलोच.

“मी दवाखान्यात जाऊन पडलो त लेकराले कोन पाहीन, भाऊ?” ती म्हणाली. “मोठी पोरगी घरी बसन. तिसरीत हाय थे. उलंगवाडी होऊ दे, मंग पाहू.”

उलंगवाडी म्हणजे कापसाचा हंगाम संपणे. पऱ्हाटी उपटेपर्यंत माघ उजाडेल. मी पिशवीतल्या सूचनांचे कागद बाहेर काढले नाहीत. साडेचारच्या सुमारास मोठी नात शाळेतून आली. तिने दप्तर खुंटीला अडकवले, हात-पाय धुतले, आणि कुणी काही सांगण्याआधी धाकटीला आजीच्या मांडीवरून उचलून कडेवर घेतले.